तेरणाकाठच्या शिवारवाटा: तेर मुक्कामी राहून पायी फिरायचं तर

मराठवाड्यात पायी भटकायचा विषय निघाला की बोलणं गौताळा, वेरूळचा डोंगर, फार तर नळदुर्ग इथवर जातं. नदीकाठच्या एखाद्या गावात मुक्काम टाकून तिथलंच शिवार दोन-चार दिवस पायाखाली घालावं, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. तेरणेचं खोरं त्यासाठी चांगलं आहे. तेरखेड्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात ही नदी उगम पावते, तेरवरून खाली उतरते आणि धाराशिव-लातूरच्या मुलखातून वाहत मांजरेला मिळते. चढ बेताचे आहेत, दर तास-दीड तासाला एखादं गाव किंवा वस्ती लागते आणि पाण्यावाचून अडत नाही.

या लेखात मुक्काम तेरचा धरला आहे. रीत मात्र सिंदफणा, दुधना, मांजरा कुठल्याही काठाला लागू पडेल. आणि ती रीत डोंगरातल्या भटकंतीपेक्षा वेगळी आहे. किल्ल्याची वाट बाराही महिने तिथेच असते. शिवारातली वाट पिकाच्या हिशेबाने उघडते आणि बुजते. त्यामुळे नकाशा नंतर, आधी महिना ठरवा.

महिना कोणता

जून ते सप्टेंबर काळ्या रानाच्या वाटेला जाऊ नका. ही माती ओली झाली की काय करते ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पहिल्या आठ-दहा पावलांत बुटाच्या तळाला बोटभर थर बसतो. पुढच्या पावलांत तो कडेने वाढत बुटाहून रुंद होतो, मग त्यात काडीकचरा, सोयाबीनची पानं चिकटतात. पाय उचलला की आधी टाच निघते, मग बूट. काडीने खरवडायला जावं तर काडी मोडते. गावातली माणसं अशा वेळी चपला हातात घेऊन अनवाणी चालतात, ते उगीच नाही. खोल खाचांचे ट्रेकिंगचे बूट इथे सगळ्यांत निकामी. पावसाळ्यात चालायचंच असेल तर मुरमाड माळ आणि खडीचे रस्ते धरा. नदीपासून लांबच राहा, कारण मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस दगा देतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडे जो पूर आला, त्याने कित्येक ठिकाणी बांधासकट माती खरवडून नेली. त्याआधी कुणी आखून ठेवलेल्या नदीकाठच्या वाटेवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका.

सोयाबीन निघालं की ऑक्टोबरात थोडे दिवस रान मोकळं असतं. मग ज्वारी-हरभऱ्याची पेरणी होते आणि पेरलेल्या वावरातून कुणालाही जाऊ देत नाहीत, देऊही नये. खरा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. सकाळी थंडी, जमीन कोरडी, ओढ्यांना घोट्याएवढं पाणी. फक्त ज्वारी डोक्याच्या वर गेली की दोन वावरांमधला बांध बोळासारखा होतो आणि चार हातांपलीकडचं दिसत नाही. दाण्यात दूध भरलं की पाखरं हाकायला माचावर माणूस बसतो आणि त्याच्या हातात गोफण असते. गोफणीतला दगड कुठे पडेल ते फेकणाऱ्यालाही नेमकं ठाऊक नसतं. म्हणून उभ्या ज्वारीतून जाताना अधूनमधून मोठ्याने हाक द्या.

फेब्रुवारी-मार्चला रानं रिकामी होतात, आणि तेव्हा सांभाळायची ती तुरीची धसकटं. कोयत्याने तिरपा घाव घालून तूर कापतात, त्यामुळे जमिनीत राहिलेला खुंट टोकदार असतो आणि पातळ तळव्याच्या बुटातून सरळ आत जातो. तुरीच्या रानातून आडवं जाण्यापेक्षा बांधाने वळसा घाला. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि ऊन चाळिशीच्या पुढे असतं. त्या दिवसांत पहाटे निघून साडेआठपर्यंत परत, एवढंच.

वर्षातला एकच दिवस निवडायचा असेल तर वेळ अमावस्या. मार्गशीर्षातली ही अमावस्या धाराशिव-लातूरकडे दिवाळीइतकीच मोठी. गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, समोर भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. त्या दिवशी डबा नेऊ नका आणि अंतर निम्मं धरा. दोन कोपींवर जेवल्यावर तिसऱ्या कोपीला ‘नको’ म्हणणं जड जातं, आणि पोटातल्या आंबिलीसकट चालणं त्याहून जड.

जमीन आणि नकाशा

नदीपासून माळाकडे सरळ चालत गेलात तर जमीन टप्प्याटप्प्याने बदलते. काठाला गाळाची जमीन आणि ऊस. वर आलं की सपाट काळं रान. मग माती उथळ होत जाते, दगड वर येतो आणि शेवटी बरड आणि माळ. चांगली फेरी हे सगळे टप्पे ओलांडते. साधा आराखडा असा: जाताना ओढ्याच्या कडेच्या वाटेने माळावर चढा, माळावरून शेजारच्या ओढ्यापर्यंत आडवे जा आणि त्या बाजूच्या गाडीवाटेने खाली उतरा. ओढा सोडला नाही तर तो नदीवर नेऊन सोडतो, त्यामुळे चुकायला फारसा वाव राहत नाही.

नकाशे तीन लागतील. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा, ज्यात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर ओढे, उंचसखलपणा, गावं नीट कळतात, पण वाटा जुन्या असतात. दुसरा गावनकाशा. राज्याच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गट नंबर आणि त्यांच्या हद्दी दिसतात. मूळ गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात किंवा तलाठ्याकडे बघायला मिळतो. तिथे तुटक रेषांनी दाखवलेल्या वाटा शोधा: साधारणपणे दुहेरी रेषा गावाहून गावाला जाणाऱ्या रस्त्याची, एकेरी गाडीवाटेची किंवा पाऊलवाटेची. तिसरं उपग्रहाचं छायाचित्र, जे आधीच मोबाईलमध्ये उतरवून घ्यावं, कारण नदीच्या खोलगटात रेंज जाते.

आता तिन्ही एकमेकांवर ठेवून बघा. गावनकाशात रुंद असलेली पांद, म्हणजे शेतांमधून जाणारी वहिवाटीची वाट, छायाचित्रात दोऱ्याएवढी दिसली तर समजा की दोन्ही बाजूंच्या नांगरांनी ती खाल्ली आहे. हे जागोजागी झालं आहे. शेतरस्त्याच्या तंट्यांची प्रकरणं तहसीलमध्ये ढिगाने असतात. जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ ही दोन कलमं शेतकऱ्यांना तोंडपाठ असतात. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून काही पांदींवर मुरूम-खडी पडली आहे, त्या चालायला उत्तम. पण ज्या वाटेवरून भावकीत वाद आहे तिथे तुम्ही नकाशा उघडून उभे राहिलात, तर तुम्हाला मोजणीवाले समजतील. मग चहा तरी मिळेल नाहीतर शिव्या. नकाशा घरी वाचा, रानात माणसाला विचारा.

विचारायचीही पद्धत आहे. ‘हा रस्ता कुठे जातो’ असं विचारलं तर ‘रस्ता कुठं जातोय, हितंच हाय’ असं उत्तर येतं. ‘बैलगाडी जाती का?’ विचारा. गाडी जात असेल तर वाट अर्ध्यात संपणार नाही. ‘मधी वढे किती लागतात? पाणी गुडघ्याला का कमरेला?’ आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ‘पल्याड निघतंय का?’ कारण पुष्कळ वाटा एखाद्या आखाड्यापर्यंत (शेतातल्या गोठ्या-खोपटापर्यंत) किंवा विहिरीपर्यंतच असतात. अंतर विचारू नका. ‘हे काय, टेकाडामागं’ म्हणजे अर्धा किलोमीटर असतो तसाच चारही असतो.

तेरमधून निघताना

धाराशिवहून तेर पंचवीस-तीस किलोमीटर. पहिला दिवस गाव आणि गावाच्या कडेच्या टेकाडांना द्या. चालणं फार नाही, पण घाई करण्यासारखी जागा नाही. हे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोचहून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं अंतर दिलं आहे. इथलं कापड, मलमल गाड्यांत घालून वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला नेत असत, असंही त्यात आहे. म्हणजे या खोऱ्यातल्या गाडीवाटेचा लेखी पुरावा दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत जातो.

त्रिविक्रमाचं मंदिर मागच्या बाजूने बघा. विटांची भिंत अर्धगोल वळलेली आणि वर हत्तीच्या पाठीसारखं छत. मूळचं हे बौद्ध चैत्यगृह असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. उत्तरेश्वराच्या विटाही जवळ जाऊन बघाव्यात, त्यांवर साच्यातलं नक्षीकाम आहे. संत गोरा कुंभारांची समाधी नदीकाठी आहे. चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास यात्रा असते. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा, माणसं बघायची असतील तर मुद्दाम जा. लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंत, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती ठेवल्या आहेत. ते आधी बघितलं तर टेकाडांवर काय बघायचं ते कळतं. पावसाने धुतलेल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीत खापरं उघडी पडलेली दिसतात. बघा, फोटो काढा आणि तिथेच ठेवा. खिशात घालून नेलेल्या खापराचा अभ्यासाला काही उपयोग उरत नाही, कारण ते कुठल्या थरात होतं हेच हरवतं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठ. पाच-सहा किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत, पण एकाच काठाने. सारखं अल्याड-पल्याड करू नका. नदीला मिळणारा प्रत्येक ओढा तोंडाशी खोल आणि चिखलाचा असतो. पाऊलवाट तिथे नदी सोडून आत वळते, जिथे उतार आहे तिथून ओलांडते आणि पुन्हा काठाला येते. नवखा माणूस वाट चुकली समजून सरळ जातो आणि बेशरमाच्या झुडपात अडकतो. वाट आत वळली की तुम्हीही वळा.

पाण्यात उतरायचं तर तळ दिसेल तिथेच. वाळू उपसलेल्या जागी घोट्याएवढ्या पाण्याशेजारी एकदम पुरुषभर खड्डा असतो आणि वरून पाणी सारखंच दिसतं. कोल्हापुरी बंधारा कोरडा असेल तर ओलांडायला सोयीचा. माथ्यावरून पाणी वाहत असेल तर ते पातळ थर असलं तरी पाय ठेवू नका, शेवाळावर सगळे घसरतात. पावसाळा संपता संपता बंधाऱ्यांना दारं बसवतात, त्यानंतर वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि मागच्या महिन्यात कोरडा असलेला उतार बुडालेला असू शकतो. याच तुंबलेल्या पाण्यावर हिवाळ्यात शेकाट्या, धोबी, खंड्या, बगळे हमखास भेटतात, त्यामुळे दुर्बीण असेल तर ती या दिवशी घ्या. परतताना काठ सोडून वरच्या अंगाच्या गाडीवाटेने या, म्हणजे तेच दोनदा चालणं होत नाही.

तिसऱ्या दिवशी माळ. ही फेरी चौदा-पंधरा किलोमीटरची करता येते. काळ्या रानातून वर येताना लिंब-बाभळी कमी होत जातात आणि तरवड, हिवर, बोरी सुरू होतात. मार्चमध्ये पळस. माळावर हरणं, म्हणजे काळविटांचे कळप, दिसतात. त्यांच्या मागे जाऊ नका. ती पळाली तर कुणाच्या तरी हरभऱ्यातून पळतात. येडशीचं रामलिंग अभयारण्य हा वेगळ्या दिवसाचा विषय आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीच्या वाटेनेच फिरायचं. २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ तिथवर आल्याचं कॅमेऱ्यात दिसलं होतं, तेव्हा डोंगराकडच्या बाजूला एकट्याने आणि झांजड (अंधार) पडल्यावर फिरायचं नाही, एवढं पाळा.

रानात माणसं भेटतात

भेटेल त्याला ‘राम राम’. नंतर तीन प्रश्न येणारच: कुण्या गावचे, कुणाकडं आलाव, जेवलाव का. तिन्हींची सरळ उत्तरं द्या. ‘असंच फिरतोय’ एवढ्याने भागत नाही. ‘तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला आलो, नदीकडनं चाललोय’ म्हटलं की समोरचा निवांत होतो. वयस्कर माणसाला काका, मामा, आप्पा, बाईमाणसाला मावशी किंवा आक्का. खुरपणाऱ्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

वाटेत काट्याचं झाप आडवं असेल तर उचलून पलीकडे जा आणि जसं होतं तसं परत लावा. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका. हरभऱ्यात तर शिरूच नका. पिकाचं नुकसान होतंच, शिवाय पानांवरची आंब पोटऱ्यांवरच्या ओरखड्यांना चांगली झोंबते. हुरडा, बोरं, डहाळा मागितला तर ओंजळभर मिळतो, न मागता तोडला तर चोरी. फवारणी चालू असेल तर वारा येतो त्या बाजूने वळसा घाला आणि जवळच्या पाटाचं पाणी तोंडाला लावू नका. पिण्याचं पाणी वस्तीवर मागा. कुणी पाण्याला नाही म्हणत नाही.

कशाला भ्यायचं

सापांपेक्षा विजेला. रानडुकरांमुळे पुष्कळांनी कुंपणाला झटका मशीन लावलं आहे. त्याचा धक्का सहसा जिवावर बेतत नाही. पण काही जण चोरून थेट लाईनचा करंट तारेत सोडतात, आणि त्याने माणसं मेली आहेत. दोन्हींतला फरक बघून कळत नाही. तेव्हा कुठल्याही तारेला हात नाही, ओलांडणं नाही, विशेषतः पहाटे आणि अंधारात. लोंबकळणारी किंवा तुटून पडलेली तार दिसली तर वीस पावलं लांबून जा आणि १९१२ ला कळवा.

शेततळं दिसायला शांत असतं. आतलं प्लॅस्टिक इतकं गुळगुळीत असतं की पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. हात-पाय धुवायलासुद्धा उतरू नका. बिनकठड्याच्या विहिरी बांधाला लागून, गवतात दडलेल्या असतात, म्हणून उंच गवतात काठीने पुढे चाचपत चला. ही काठी सापालाही कळते. साप चावलाच तर आवळपट्टी, चिरा, मांत्रिक काही नको. पाय न हलवता गाडीवर घालून सरकारी दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा.

वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर पळू नका. जागेवर उभं राहून मालकाला हाक मारा. वडा-पिंपळावर आग्या मोहोळ असेल तर त्याखाली बिडी, अत्तर, आरडाओरड नको. उन्हाळी वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारी आभाळ भरून आलं की माळावरून खाली उतरा. एकट्या झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते मोबाईलमध्ये असू द्या.

खालच्या अंगाला, किल्लारीकडे

तेरणेच्या खालच्या काठाने फिरणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त केली. पुढे पुनर्वसनात घरं नव्या जागी गेली, वावरं मात्र होती तिथेच राहिली. म्हणून या भागात नव्या गावातून जुन्या शिवाराकडे जाणाऱ्या वाटा नेहमीपेक्षा लांब आहेत आणि त्यांतल्या काही जुन्या गावठाणाच्या बाजूने जातात. ते बघण्याचं ठिकाण नाही. कुणाबरोबर असाल आणि तो थांबला तर थांबा, नाहीतर चालत राहा.

सामान आणि वेळ

कोरड्या गाडीवाटेवर तासाला चार किलोमीटर धरा, बांधावरून आणि ढेकळांतून अडीच. बारा किलोमीटरच्या फेरीला बसणं-बोलणं धरून साडेचार-पाच तास लागतात. हिवाळ्यात दोन लिटर पाणी, फेब्रुवारीनंतर तीन. जाड तळव्याचे, कमी खाचांचे बूट. पूर्ण पँट आणि गुळगुळीत कापडाचे मोजे, कारण लोकरी मोज्यांत ऑक्टोबरनंतरची कुसळं अशी रुततात की मोजेच टाकावे लागतात. चिमटा जवळ ठेवा, बाभळीचा काटा नखाने निघत नाही. टोपीपेक्षा उपरणं किंवा गमजा बरा, पाण्यात भिजवून डोक्याला गुंडाळता येतो. सोबत दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा.

सकाळी शक्यतो पश्चिमेकडे निघा, म्हणजे कोवळं ऊन पाठीवर राहतं. आणि ज्या गावाला फेरी संपवायची आहे तिथून परतीची एसटी किती वाजता, हे आदल्या दिवशी आगारात नव्हे, त्याच गावच्या किराणा दुकानात विचारा. गाडी खरंच येते की फक्त वेळापत्रकात आहे, ते तिथेच कळतं.